प्रकल्प नोंदी: गटाचा स्वतःचा व्हॉइस सर्व्हर

४ जानेवारी २०२५, शनिवार

आमच्या ऑनलाइन खेळातली कालची मोठी लढत रात्री नऊला ठरली होती, सुरू झाली नऊ पंचवीसला. मधला सगळा वेळ "येतोय का आवाज?" यातच गेला. सात जण खेळाच्या आतल्या व्हॉइसवर, पाच जण फोनच्या ग्रुप कॉलवर, चौघे जुन्या भाड्याच्या सर्व्हरवर आणि बाकीचे नुसते टाइप करत होते. टँक (पुढे राहून मार झेलणारा) मागे फिरला हे हीलरला (जखमा भरणाऱ्याला) कळलंच नाही, कारण दोघे दोन वेगळ्या ठिकाणी बोलत होते. एक बिचारा एका कानाला फोन आणि दुसऱ्या कानाला हेडसेट लावून इकडचं तिकडे सांगत होता. त्याच्यामुळेच आम्ही दुसऱ्या टप्प्यापर्यंत तरी पोचलो.

जुना सर्व्हर ज्याच्या नावावर होता तो मित्र खेळणं सोडून गेला आणि मुख्य पासवर्ड त्याच्याबरोबरच गेला. आता तिथे नवीन खोली उघडायची किंवा त्रास देणाऱ्याला बाहेर काढायचं तर कोणाच्याच हातात काही नाही. मला हेच सगळ्यात जास्त लागतं. वीस-पंचवीस जणांची रोजची उठबस एकाच माणसाच्या लॉगिनवर टांगलेली असू नये.

रात्री गटात लिहिलं, "गटाचा सर्व्हर मी उभा करतो, महिनाभर द्या." ज्या ताई आमच्या लढतींचं वेळापत्रक सांभाळतात त्यांनी लगेच उत्तर दिलं, "कर. पण काय काय केलंस ते लिहून ठेव. उद्या तू नसलास तर आम्हाला उघडता आलं पाहिजे." म्हणून ही वही.

५ जानेवारी, रविवार

गटाने एकत्र बोलायच्या प्रोग्रॅमचे पर्याय सकाळभर पाहिले. डिस्कॉर्ड २०१५ पासून आहे, आमच्यातल्या निम्म्यांकडे आहेच, आणि ज्यांना सर्व्हर सांभाळायचा नाही त्यांच्यासाठी तो सरळ मार्ग आहे. टीमस्पीक जुनं आणि मुरलेलं. शेवटी मम्बलवर आलो. ते २००५ पासून चालू आहे, मुक्त स्रोत (कोड सगळ्यांना खुला) आहे, आणि सर्व्हर आपल्याच यंत्रावर चालतो. आमच्यातल्या तिघांचे संगणक जुने आहेत, खेळ चालू असताना त्यांच्याकडे मेमरी उरतच नाही, आणि मम्बल फार हलकं आहे. एक उणीव कबूल करतो: दिसायला ते रुक्ष आहे आणि त्यात स्क्रीन दाखवता येत नाही. आम्हाला बोलायचंय, त्यामुळे चालेल.

दुपारी घरच्या जुन्या लॅपटॉपवर बसवून पाहिलं. घरात छान चाललं, बाहेरून कोणालाच जोडता येईना. राउटरमध्ये मम्बलचा ६४७३८ हा पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) दोनदा उघडला, तिसऱ्यांदा सगळं पुसून परत केलं. संध्याकाळी राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता नीट वाचला तेव्हा उलगडा झाला. तो १०० ने सुरू होत होता आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला. म्हणजे सेवा देणाऱ्याने अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलाय आणि आपल्याला मिळालेला पत्ता त्याच्या आतल्या जाळ्यातला आहे. अशा जोडणीत घरच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडा, बाहेरच्याला दारच दिसत नाही. हे आधी पाच मिनिटांत बघता आलं असतं. पुढे कोणी घरून सर्व्हर चालवायचा म्हणत असेल तर राउटरवरचा पत्ता आणि बाहेरून दिसणारा पत्ता जुळतो का, हे सगळ्यात आधी तपासा.

भाड्याचं छोटं यंत्र घ्यायचं ठरलं. एक कोअर, एक जीबी मेमरी. त्याहून जास्त लागत नाही, कारण मम्बलचा सर्व्हर आवाज उलगडत नाही की मिसळत नाही. आलेलं पाकीट (आवाजाचा छोटा तुकडा) जो जो खोलीत आहे त्याला पुढे पाठवतो, बस. मिसळायचं काम ऐकणाऱ्याच्या संगणकावर होतं, म्हणून प्रत्येकाला प्रत्येकाचा आवाज आपल्यापुरता कमी-जास्त करता येतो.

७ जानेवारी, मंगळवार

यंत्र कुठल्या डेटा सेंटरमध्ये घ्यायचं यावर दोन दिवस चर्चा चालली. बारा जणांकडून दोन ठिकाणांचे पिंग मागवले. पहिलं ठिकाण नऊ जणांना जवळ, पिंग ३० मिलिसेकंदांच्या आसपास. पण आमचे तिघे दुसऱ्या खंडात राहतात, त्यांना तिथे २१०. दुसरं ठिकाण मधलं: नऊ जणांना ८०, तिघांना १२०.

पिंग हा जाऊन-येऊनचा वेळ असतो, आवाजाला एकच फेरी लागते, म्हणून निम्मा धरायचा. पण आवाज बोलणाऱ्याकडून सर्व्हरला आणि तिथून ऐकणाऱ्याकडे जातो, म्हणून दोघांचे निम्मे जोडायचे. पहिल्या ठिकाणी जवळच्या दोघांमध्ये ३०, पण लांबच्या दोघांमध्ये २१०. दुसऱ्या ठिकाणी जवळच्यांना ८० आणि लांबच्यांना १२०. यात पाकीट भरेपर्यंतचे २०, शिवाय मागेपुढे येणारी पाकिटं सावरणारा बफर आणि साउंड कार्ड मिळून आणखी ४० धरले. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) जी.११४ शिफारशीत एका दिशेला १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बहुतेक कामांना चालतो असं म्हटलंय. दुसऱ्या ठिकाणी जवळचे नऊ जण १४० वर, म्हणजे मर्यादेच्या आत. लांबचे १८० वर, थोडे बाहेर. पहिल्या ठिकाणी मात्र लांबचे थेट २७० वर जातात, आणि तेवढ्या उशिरात माणसं एकमेकांच्या बोलण्यात घुसायला लागतात.

जवळच्यांपैकी एकाचं म्हणणं, "तिघांसाठी नऊ जणांनी का हळू व्हायचं?" त्याचा मुद्दा खरा आहे. पण नऊ जणांचं जे जातं ते त्यांना ऐकू येणार नाही, आणि तिघांना जे मिळतं त्याने ते गटात राहतील. दुसरं ठिकाण पक्कं केलं.

८ जानेवारी, बुधवार

यंत्र घेतलं, डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) बसवलं, मम्बल सर्व्हर पॅकेजमधूनच घेतला. मुख्य व्यवस्थापकाचं खातं 'सुपरयूजर' नावाने आपोआप तयार होतं, त्याचा पासवर्ड लगेच बदलला. ते खातं फक्त अधिकार द्यायला आणि दुरुस्तीला वापरायचं, त्यावरून रोज बोलायला बसायचं नाही.

सेटिंग्जच्या फाइलमध्ये मोजक्या गोष्टी बदलल्या: सदस्यसंख्या ४०, प्रवेशाचा पासवर्ड, स्वागताचा मजकूर, आणि प्रत्येकाची कमाल बँडविड्थ सेकंदाला ७२००० बिट. शेवटचा आकडा असा काढला. मम्बल ओपस कोडेक (आवाज दाबून लहान करायची पद्धत) वापरतं, २०१२ मध्ये प्रमाणित झालेलं. बोलण्यासाठी ४० किलोबिट भरपूर होतात. २० मिलिसेकंदांचं एक पाकीट म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं आणि प्रत्येकात १०० बाइट आवाज. त्या प्रत्येकावर आयपी आणि यूडीपीचे (पाकिटं पाठवायच्या पद्धतींचे) २८ बाइट, वर मम्बलचे स्वतःचे थोडे. बेरीज ५५ किलोबिटच्या आसपास, म्हणून ७२ ची मर्यादा पुरते. वीस जण खोलीत असताना एक बोलला की सर्व्हरला १९ प्रती पाठवाव्या लागतात, म्हणजे साधारण एक मेगाबिट. पाच जण एकदम ओरडले तर पाच. तीन तासांच्या लढतीत सरासरी एक जण सतत बोलतोय असं धरलं तर दीड जीबीच्या आतच राहतो. यंत्राच्या मासिक मर्यादेला धक्का लागत नाही.

सर्व्हरची ओळख पटवणारं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र घेतलं, ९० दिवसांचं. नूतनीकरण आपोआप होतं, ती काळजी मिटली.

१२ जानेवारी, रविवार

पहिली चाचणी. अकरा जण आले. सगळे जोडले गेले, सगळ्यांचा आवाज आला, मी खूश. दहा मिनिटांत खुशी ओसरली. आवाज मध्येच थांबायचा आणि मग दोन सेकंदांचं बोलणं घाईघाईने एकदम यायचं. "डावीकडे... ... डावीकडेनकोउजवीकडेजा." तोवर डावीकडे गेलेला मेलेला असायचा.

आधी मी एकेकाच्या वायफायला दोष दिला. दोघांना तारेने जोडून घ्यायला लावलं, त्यातल्या एकाने पलंग सरकवून तार ओढली. काही फरक नाही. तासाभराने कोणीतरी सुचवलं म्हणून नावावर राइट क्लिक करून माहितीची खिडकी उघडली. तिथे यूडीपीच्या रांगेत आलेली पाकिटं शून्य, उशिरा आलेली शून्य, हरवलेली शून्य. अकराही जणांची शून्य!

यंत्राच्या फायरवॉलमध्ये (नको त्या जोडण्या अडवणाऱ्या भिंतीत) मी ६४७३८ फक्त टीसीपीसाठी उघडला होता. मम्बलला पाकिटं पाठवायच्या टीसीपी आणि यूडीपी या दोन्ही पद्धती लागतात: टीसीपीवरून लॉगिन, खोल्या, मजकूर, यूडीपीवरून आवाज. यूडीपी मिळालं नाही तर ते अडून बसत नाही, आवाजही टीसीपीतूनच ढकलतं. म्हणून सगळं चालतंय असं वाटतं. पण टीसीपीत एक पाकीट हरवलं की ते परत येईपर्यंत मागची सगळी थांबतात आणि मग लोंढा येतो. यूडीपीत हरवलेलं हरवलं. ओपस ती फट भरून काढतं, आणि २० मिलिसेकंदांची फट कानाला जाणवतही नाही.

फायरवॉलमध्ये एक ओळ वाढवली. सगळे बाहेर जाऊन परत आले आणि तो लोंढा नाहीसा झाला. पलंग सरकवणाऱ्याची माफी मागितली.

१८ जानेवारी, शनिवार

हा आठवडा सर्व्हरचा नव्हता, कानांचा होता. सर्व्हर एकदा लागला की उरलेलं सगळं दुखणं लोकांच्या टेबलावर असतं.

तिघांची तक्रार: "मम्बल लावलं की खेळाचा आवाज फोनवरच्या गाण्यासारखा होतो." तिघांकडेही ब्लूटूथ हेडसेट. बहुतेक हेडसेटमध्ये चांगला आवाज ऐकवण्याच्या पद्धतीत ब्लूटूथ मायक्रोफोन देत नाही. मायक्रोफोन चालू झाला की हेडसेट फोन कॉलच्या पद्धतीवर उतरतो, एकाच वाहिनीचा, ८ किंवा १६ किलोहर्ट्झचा आवाज. मम्बल त्याला काही करू शकत नाही. उपाय सोपा: कानाला ब्लूटूथ राहू दे, मायक्रोफोन म्हणून लॅपटॉपमधला किंवा तारेचा निवड. दोघांनी केलं, तिसऱ्याने जुना तारेचा हेडसेटच बाहेर काढून लावला.

काही जणांकडे कोणी बोललं की खेळाचा आवाज एकदम दबायचा. विंडोजमध्ये ध्वनीच्या सेटिंगमध्ये 'कम्युनिकेशन्स' हा टॅब असतो, तिथे बोलणं सुरू झालं की बाकी आवाज ८० टक्के कमी करा असं आधीपासून निवडलेलं असतं. 'काहीही करू नका' निवडायचं. मम्बलचीही स्वतःची तशी सोय आहे, दोन्हीकडे बघा.

एकाचं बोलायचं बटण डेस्कटॉपवर चालायचं, खेळात गेलं की बंद. त्याचा खेळ ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालत होता. विंडोज अशा खेळातले बटणांचे दाब साध्या प्रोग्रॅमला ऐकू देत नाही. खेळ साध्या अधिकाराने चालवला आणि चाललं.

प्रतिध्वनी एकाच घरातून येत होता, स्पीकरवर ऐकणाऱ्या दादांच्या. त्यांना सांगायला संकोच वाटला, कारण कानाला काही लावलं की त्यांचं डोकं दुखतं. इको कॅन्सलेशन चालू करून दिलं, मायक्रोफोन स्पीकरच्या मागे ठेवायला सांगितला, आणि ते आता बटण दाबून बोलतात. जवळजवळ गेला. पूर्ण गेला असं म्हणणार नाही.

१९ जानेवारी, रविवार

खोल्या मांडल्या. आत आल्यावर आधी 'ओसरी', सगळ्यांना मोकळी. मग 'मैदान १', 'मैदान २', 'मैदान ३'. 'निवांत', जिथे बोलता येत नाही, उठून गेलेल्यांसाठी. आणि आखणी करणाऱ्या चौघांसाठी 'माजघर'. नोंदणी झालेल्यांनाच मैदानात जाता येतं. पाहुणा ओसरीवर थांबतो, कोणीतरी त्याला आत घेऊन जातं.

अधिकारांची यादी दिसायला भयंकर आहे, पण कामाचे चारच: प्रवेश, बोलणं, इतरांना हलवणं, इतरांना गप्प करणं. शेवटचे दोन चौघांना दिले. कोणाला गप्प केलं तर त्याच रात्री कारण लिहायचं, हे त्या चौघांनी स्वतःच ठरवलं.

रेकॉर्डिंग सर्व्हरवरच बंद केलं. आणि एक गोष्ट सगळ्यांना स्पष्ट लिहून कळवली: बोलणं वाटेत कूटबद्ध असतं, बाहेरच्याला ऐकता येत नाही, पण सर्व्हरवर ते कुलूप काढून पुन्हा प्रत्येकासाठी वेगळं कूटबद्ध केलं जातं. म्हणजे ज्याच्या हातात यंत्र आहे त्याच्यावर तुम्ही विश्वास टाकताय. सध्या तो माणूस मी आहे, आणि हे तुम्हाला माहीत असायला हवं.

२६ जानेवारी, रविवार

तीन मैदानांत तीन तुकड्या, आणि तिघींना एकाच वेळी सूचना द्यायची होती. खोल्या एकमेकींना जोडून पाहिल्या. पंधरा जण एकदम बोलायला लागले. अर्ध्या मिनिटात तोडल्या. मम्बलमध्ये 'शाउट' म्हणून सोय आहे, तुकडीप्रमुखाने वेगळं बटण दाबलं की त्याचाच आवाज ठरवलेल्या खोल्यांत जातो, उलट काही येत नाही. हेच हवं होतं.

२ फेब्रुवारी, रविवार

आजची नोंद ज्याच्याबद्दल आहे त्याला विचारून लिहितोय.

आमच्यात एक मुलगा आहे, त्याला प्रत्येक नकाशा तोंडपाठ. कुठल्या भिंतीमागून वाट निघते, कुठे उभं राहिलं की दिसत नाही, सगळं. आम्ही त्याला नकाशावालाच म्हणतो. दोन वर्षांत त्याचा आवाज कोणी ऐकला नव्हता. तो टाइप करतो, आणि लढतीच्या मध्यात त्याचं टाइप केलेलं वाचायला कोणाला वेळ नसतो. मायक्रोफोन नसेल असं आम्ही धरून चाललो होतो.

परवा त्याने मला वेगळं लिहिलं, "दादा, मायक्रोफोन आहे. मी अडखळत बोलतो. काल ओसरीवर कोणी नसताना एकाबरोबर बोलून पाहिलं, त्याला अर्धंच ऐकू गेलं. हे माझ्यामुळे की सेटिंगमुळे?"

आज आम्ही दोघंच बसलो. तो आवाज ओळखून आपोआप चालू होणाऱ्या पद्धतीवर होता. त्यात दोन पट्ट्या असतात: एका पातळीच्या वर गेलं की बोलणं धरायचं, दुसरीच्या खाली गेलं की शांतता. आणि खाली गेल्यावर किती वेळ वाट पाहून बंद करायचं त्याची तिसरी पट्टी. त्याचा शब्द सुरू होताना हळू येतो, 'म' ओठांत दाबलेला राहतो, पातळी ओलांडत नाही, मग 'मागे' ऐवजी आमच्यापर्यंत 'आगे' पोचतं. लढतीत याचा अर्थ बरोबर उलटा होतो. मग तो थांबतो, आणि तेवढ्यात मम्बल त्याचा मायक्रोफोन बंद करतं. नावापुढचं ओठांचं चिन्ह विझतं, ऐकणाऱ्याला वाटतं याचं झालं, आणि तो बोलायला लागतो.

म्हणजे जे माणसं त्याच्याशी आयुष्यभर करत आली तेच यंत्र करत होतं. हे मला मनापासून लागलं. मी सर्व्हर उभारताना एकदाही हा विचार केला नव्हता.

थांबण्याचा वेळ एक सेकंदापर्यंत वाढवून पाहिला, सुरुवातीची पातळी खाली आणली. बरं झालं, पण पंख्याची घरघरही यायला लागली. मग बटणाची पद्धत घेतली. ते बटण सतत दाबून धरलं की त्याचा हात खेळातून जातो आणि अडखळताना बोट सुटतं. मम्बलमध्ये तेच बटण झटपट दोनदा दाबलं की मायक्रोफोन उघडाच राहतो, परत दाबेपर्यंत. बोलायच्या आधी टक-टक, बोलून झाल्यावर टक. मधे तो कितीही थांबला तरी चिन्ह विझत नाही.

'प्रायॉरिटी स्पीकर' करून देऊ का विचारलं. त्यात त्या माणसाने बोलायला सुरुवात केली की बाकीच्यांचे आवाज खाली जातात. तो म्हणाला, "नको. मला वेगळं काही नको. फक्त माझं होईपर्यंत थांबा." मग सगळ्यांसाठीच नियम लिहिला: समोरच्याचं चिन्ह पेटलेलं आहे तोवर पाळी त्याची. स्वागताच्या मजकुरात पहिल्या ओळीत टाकला.

८ फेब्रुवारी, शनिवार

नकाशावाला मैदान १ मध्ये बोलला. पहिलं वाक्य पूर्ण व्हायला वेळ लागला, चिन्ह पेटलेलं होतं, कोणी मधे आलं नाही. "म... मागच्या जिन्याने." पाच जण मागच्या जिन्याने गेले. नंतर रात्रभर वाटा तोच सांगत होता. टँकने शेवटी विचारलं, "अरे, तू इतके दिवस होतास कुठे?" तो म्हणाला, "टाइप करत होतो."

१५ फेब्रुवारी, शनिवार

एकाने संगणक पुसून विंडोज नव्याने टाकलं, आता सर्व्हर त्याला ओळखत नाही. मम्बलमध्ये नोंदणी पासवर्डवर नसते, संगणकावरच्या प्रमाणपत्रावर असते. ते गेलं की ओळख गेली. जुनं नाव काढून त्याची पुन्हा नोंदणी केली. सगळ्यांना सांगितलं: प्रमाणपत्राची फाइल बाहेर काढून दुसरीकडे जपून ठेवा.

१ मार्च, शनिवार

काही विशेष नाही. सव्वीस जण एका वेळी, यंत्राला जाणवलंही नाही.

८ एप्रिल, मंगळवार

मी प्रवासात होतो, फोनला धड नेटवर्क नाही. रात्री नऊला सगळ्यांच्या पडद्यावर इशारा: सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत संपली आहे. काहींनी 'तरीही जोडा' म्हटलं, काही घाबरून थांबले, आणि ते थांबले ते योग्यच केलं.

८ जानेवारीपासून ९० दिवस म्हणजे आजच. नूतनीकरण झालं नव्हतं का? झालं होतं, महिनाभर आधीच, नवीन फाइल यंत्रावर होती. पण मम्बल सुरू होताना प्रमाणपत्र एकदाच वाचतं आणि तेच धरून बसतं. जानेवारीपासून मी त्याला पुन्हा सुरू केलंच नव्हतं. "काळजी मिटली" असं त्या दिवशी लिहिलं, तेव्हा हे तपासायला हवं होतं.

ताईंना मार्चमध्ये यंत्राचं दुसरं लॉगिन दिलं होतं. त्यांनी सर्व्हर बंद करून सुरू केला, चार मिनिटांत सगळे आत. घरी आल्यावर मी नूतनीकरणाच्या शेवटी चालणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली: नवीन फाइल आली की ती मम्बलला वाचता येईल अशा जागी ठेवायची आणि त्याला प्रमाणपत्र पुन्हा वाचायचा इशारा द्यायचा. बोलणाऱ्यांना तोडावं लागत नाही. मुदतीच्या वीस दिवस आधी आम्हा दोघांना आठवण येईल असंही लावलं.

१९ एप्रिल, शनिवार

आज मी मुद्दाम काहीच केलं नाही. ताईंनी नवं कोरं यंत्र घेतलं आणि फक्त माझ्या नोंदींवरून, मला एकही प्रश्न न विचारता, सर्व्हर परत उभा केला. रोज रात्री डेटाबेसची एक प्रत काढून दुसरीकडे ठेवतो. त्याच प्रतीतून सगळ्या खोल्या, नोंदण्या, अधिकार परत आले. पन्नास मिनिटं लागली.

नकाशावाल्यासह सहा जणांना चाचणीला बोलावलं. सगळे जोडले गेले, आणि आवाज अडकून अडकून लोंढ्याने यायला लागला.

ताईंनी माहितीची खिडकी उघडली, यूडीपीच्या रांगेत शून्य पाहिलं, आणि माझी वही चाळून १२ जानेवारीची नोंद काढली. मला फोन केला, "हे तू डायरीत लिहिलंयस रे, पण बसवण्याच्या पायऱ्यांमध्ये नाही लिहिलंस. आणि डेटाबेसच्या प्रतीचा पासवर्ड कुठे ठेवलाय तेही नाही. मला आपल्या जुन्या निरोपात सापडला, दुसऱ्याला सापडणार नाही."

दोन्ही आता पायऱ्यांमध्ये आहे. पायरी ६: फायरवॉलमध्ये ६४७३८ टीसीपी आणि ६४७३८ यूडीपी, दोन्ही उघडा, मग एकाला जोडायला सांगून यूडीपीचे आकडे शून्याच्या वर जाताना स्वतः पाहा. पायरी ११: प्रतीचा पासवर्ड चौघांच्या सामाईक पासवर्ड कोशात. यंत्राचं भाड्याचं खातंही आजपासून माझ्या ईमेलवर नाही, चौघांच्या सामाईक ईमेलवर आहे. पुढची सरावाची वेळ ऑक्टोबरमध्ये, आणि तेव्हा यंत्र नकाशावाला उभं करणार आहे. त्यानेच नाव दिलं.